न पुसलेले फोटो

व्होल्डा,
१२ मार्च

आइविन,

तू बरा असशील. मीही बरी आहे. रीत पाळली, आता मुद्द्याचं.

नाताळनंतर तू विचारलं होतंस, मे महिन्यात चर्चमध्ये मुलांचा कन्फर्मेशनचा दीक्षाविधी असतो, त्याच्या फोटोंसाठी परत येऊ का, बाबांच्या स्टुडिओत पुन्हा दोघांनी काम करू का. अडीच महिने मी उत्तर दिलं नाही. पोस्टाला दोष देऊ नकोस. आजही राग गेलाय म्हणून लिहीत नाहीये. उत्तर शेवटी आहे, पण शेपटाकडून वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, तेव्हा मुकाट्याने इथूनच वाच.

"ताई, हल्ली कुठला कॅमेरा वापरतेस?" किती साळसूद प्रश्न! तो जुना धोंडा विकला. लांब पल्ल्याची लेन्सही विकली, आपण दोघांनी मिळून घेतलेली. तुला विचारलं नाही, कारण तूही मला काही विचारत नाहीस. नवा कॅमेरा मुठीत मावतो, खटका वाजत नाही, आणि हात हलला तर आतल्या आत सावरून घेतो. म्हणजे कुणाचाही हात. शटरचा वेग मी पाचशेच्या खाली आणत नाही, अंधाऱ्या चर्चमध्येसुद्धा. फोटोत दाणे येतात, येऊ देत. जानेवारीत फर्निचरवाल्यांचं काम केलं, चोवीस खुर्च्या. गुणी गिऱ्हाईक. फेब्रुवारीत शाळेच्या स्की-शर्यती होत्या. तिथे कॅमेरा तिपाईवर लावला आणि बटण वायरने दाबलं. थंडी फार होती म्हणून. पूर्वी तू तिपाई पुढे केलीस की मी म्हणायचे, म्हाताऱ्यांची काठी तुलाच लखलाभ. हस, हसून घे.

तर मागच्या गुरुवारी इंगुन आली. हो, तीच. दीड वर्षापूर्वीच्या लग्नातली नवरी. चर्चच्या आत मी होते आणि बाहेर दारात तू. तिची आजी चाकांच्या खुर्चीतून आली होती आणि महिन्याभरात गेली. आणि तू शहाण्याने परस्पर त्यांच्या घरी जाऊन सांगितलंस, की चर्चमधल्या फोटोंचं कार्ड तुझ्या हातून पुसलं गेलं! मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन, माझीच कॉफी ओतून घेत म्हणालास, "मिटलं, ताई. आता ते फोटो तू खरंच पुसून टाक." पुढे गावाने तुला काम देणं बंद केलं आणि तू बोडोला गेलास.

इंगुनला मुलगी झालीय, पाच महिन्यांची. तिचे फोटो काढायचे होते. मी काढले, चांगले आले. कॉफी पिताना ती म्हणाली, "तुमच्या भावाचं नाव आमच्या घरी कुणी काढत नाही. आई तर दातओठ खाते. पण तुमच्यावर राग नाही हं. आजीचे ते फोटो तुम्ही किती सुंदर काढले असतील! मी कधीकधी डोळे मिटून ते बघते."

आइविन, तिने असं म्हणायला नको होतं.

मी उठले, कपाटातली डिस्क काढली आणि फोटो पडद्यावर लावले. एकशे चाळीस. एकही पुसला नव्हता. प्रत्येकात आजीचा चेहरा हललेला. कपाळ कुठे, तोंड कुठे, पत्ता नाही. मी म्हटलं, "आइविनने काही पुसलं नाही. हात माझा हलत होता. तेव्हाही आणि आताही."

ती शेवटपर्यंत बघत राहिली. मग बाळाला टोपी घालत म्हणाली, "म्हणजे हे होते. दीड वर्ष तुमच्या कपाटात होते." मी म्हटलं, "हो." "आई रोज रडायची आणि तुम्ही दुकानात आमच्या शेजारी उभं राहून चीज घ्यायचात." मी परत "हो" म्हटलं. ती डिस्क घेऊन गेली. बाळाचे फोटो तसेच राहिले.

तुला वाटलं असेल तू मोठेपणा केलास. तू मला चोर केलंस. खरं सांगायचं धैर्य मी त्याच आठवड्यात गोळा करत होते आणि तू ते माझ्या हातून काढून घेतलंस. असं मी दीड वर्ष स्वतःला सांगत आले. पण तू गेल्यावर मला कुणी अडवलं नव्हतं. लोक तुला शिव्या घालत होते आणि मी मान हलवत ऐकत होते. एकदा तर म्हणाले, "लहानपणापासून धांदरटच." हे मी म्हणाले. मला माझी लाज वाटते. तरीही तुझा राग येतो, आणि तुझ्यावाचून स्टुडिओ खायला उठतो, तेही लिहून टाकते.

आज सकाळी चर्चच्या ऑफिसातून फोन आला. यंदा अडतीस मुलं आहेत. आया विचारतायत, फोटो आइविन काढणार का? तो नसेल तर बाहेरगावचा माणूस ठरवतील. इंगुनच्या आईने सगळ्यांना सांगितलंय. आता गावाला तू हवास, मी नको. खूश?

तेव्हा उत्तर. ये. अडतीस मुलांचे फोटो तू काढ, मी त्यांच्या पोशाखावरचे चांदीचे ब्रोच सरळ करीन आणि आयांना गप्प बसवीन. मला सावरायला माझ्या कोपराला हात लावायचा नाही. माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही, माझा जीव जात असला तरी.

डॉक्टर हाताच्या या दुखण्याला एक लांबलचक नाव देतात. ते मी लिहीत नाही. वाढत जाणार, एवढं मात्र ते ठामपणे सांगतात. हे पत्र मशीनवर लिहिलंय, सही तेवढी हाताने करतेय. तिकीट काढण्याआधी ती नीट बघ, आणि मग ठरव.

तुझी बहीण,
सोल्फ्रिद