नजरेनं घेतलेलं माप

माझा बाप हेर नव्हता, शिंपी होता. एवढी साधी गोष्ट दफ्तरखान्याच्या साहेबांना दोन वर्षांत कळेना, म्हणून ऐन हंगामात गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून मला हे मृत्युपत्र लिहायला बसावं लागलं. नाहीतर मला मरायलाही सवड नाही.

तर मी, शिवणकाम करणारी, वय वर्षे सत्तावन्न, तिसरी पास आणि चौथीतून पळालेली, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणून बघावं. वकिलाने आधी सात पानं करून आणली होती, त्यात मरणार कोण हेच मला कळेना. म्हणून हे माझ्या हातचं. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नये.

खालचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या मुलाला. जिन्याची तिसरी पायरी मात्र त्याने माझ्या हयातीतच बसवावी, नऊ वर्षं "उद्या करतो" चाललंय. बँकेत असेल ते त्याचं नि सुनेचं, निम्मंनिम्मं.

शिलाई मशीन एकट्या सुनेला. तिला सरळ टीप मारता येत नाही, पण दर रविवारी न सांगता मशीनला तेल घालते. शिवण शिकवता येते, हे शिकवता येत नाही.

मोठी कात्री कोणालाही द्या, माझ्या धाकट्या भावाला देऊ नका. त्याने त्या कात्रीने पत्रा कापला होता. मी विसरलेले नाही. भावाला माझा टेप. बाप हेर होता असं सांगत तो न्हाव्याच्या दुकानात फुकटचा चहा पीत बसतो. मी म्हटलं, "अरे, कोणाला काय म्हणतोस?" तर म्हणे, "अक्का, शिंप्याचा मुलगा म्हटलं की कोणी खुर्ची देत नाही." त्याने टेप घ्यावा आणि आधी स्वतःची जीभ मोजावी.

आता मुख्य काम.

बापाची लढाईतली पत्रं आणि डायरी मी दोन वर्षांपूर्वी दफ्तरखान्यात ठेवायला दिली, बिस्किटाच्या डब्यासकट. लिहिली तेव्हा तो बावीस वर्षांचा. पत्रं सगळी माझ्या आत्याला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला. हे दुकान तेव्हा ती चालवायची. गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आई, आजोबांची पत्रं काचेत मांडलीत, चल." गेले. काचेपुढे पाटी, ती मुलाने वाचून दाखवली: "तरुण सैनिकाची पत्रे. आकड्यांची सांकेतिक लिपी अद्याप उलगडलेली नाही. तोफांची मोजमापे शत्रूकडे पाठवली जात असण्याची शक्यता."

मी तिथेच हसत सुटले. पहारेकरी धावत आला. "बाई, इथे हसायचं नाही."

"मग असलं लिहायचं नाही," मी म्हटलं.

आमच्या दुकानात मापं लिहायची एकच रीत. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा, याच क्रमाने, नुसते आकडे. कशाचं काय ते लिहायचं नाही. आत्याने तशीच बापाला शिकवली, मग मला. बाप पलटणीतल्या पोरांची मापं पत्रातून पाठवायचा, आत्या थंडीचे सदरे शिवून टपालाने धाडायची. बेचाळीस छाती ही तोफ नव्हे, तो पलटणीचा आचारी. डायरीतही तेच: "दिवसभर भडिमार. सहा काजं झाली."

साहेबांच्या खोलीत गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुरावा?" मी गळ्यातला टेप काढला, त्यांना उभं केलं, मापं घेतली आणि पत्राशेजारी आकडे मांडले. "ही तुमची गुप्त लिपी. कळवू का शत्रूला, साहेबांचं पोट सुटलंय म्हणून?" कारकून बाई तोंड फिरवून हसल्या. साहेब लाल झाले, पण माणूस चिवट. म्हणाले, "आणि सतरावं पत्र? त्यातलं माप कुठल्याही शिपायाला बसत नाही."

तिथे ते बरोबर होते. छाती बत्तीस, कंबर पंचवीस, खांदा चौदा. खाली एकच ओळ: "टेप लावलेला नाही. ताई, काही विचारू नकोस."

ती माझी आई.

बाप पायाला जखम होऊन इस्पितळात पडला होता आणि आई तिथल्या धुलाईत कामाला. खाटेवर पडल्यापडल्या, तिला येताजाता बघून त्याने पुरं माप घेतलं. आत्याने खरंच काही विचारलं नाही. निळ्या कापडाचा झगा शिवून पाठवला. आई सांगायची, "अंगात असा बसला की मला रागच आला. म्हटलं, हा मेला आजारी होता की नुसता बघत होता?" चुकलं एकाच जागी, खांदा अर्धा इंच सैल. आईच्या खांद्यावर कायम ओल्या चादरींची टोपली, आणि बापाने टोपलीची कड खांद्याच्या मापात धरली.

बाप म्हणाला, "द्या, आत्ता दुरुस्त करतो."

आई म्हणाली, "लढाई संपल्यावर या, मग करा."

आला. लग्न झालं, मी झाले, भाऊ झाला, आणि चाळीस वर्षं बाप तो झगा मागत राहिला. आईने दिला नाही. "तो खांदा नीट झाला की तुमचं इथलं काम संपलं," म्हणायची. यावरून दोघं शेवटपर्यंत भांडली, आणि भांडता भांडता आधी कोण हसतं त्याची पैज लावायची. बापच हरायचा.

तर पुरावा हा. झग्याचा खांदा आजही चौदा आहे. आईचे बाकी झाडून सगळे कपडे साडेतेरा. पत्रात चौदा. टेप लावा.

मी झगा देऊ केला तर साहेब म्हणाले, "बाई, कपडा असाच दाखल करून घेता येत नाही. मालकीचा कागद लागतो." मग घ्या कागद. तो निळा झगा माझ्या पश्चात दफ्तरखान्याला, पुढच्या अटींवर. तो सतराव्या पत्राशेजारी ठेवायचा. खांद्याला कोणीही, कितीही हुशार असला तरी, सुई लावायची नाही. पाटी आत्ताच बदलायची: "एका शिंप्याने लढाईतून बहिणीला पाठवलेली मापं. सतरावं त्याच्या बायकोचं, ती बायको व्हायच्या आधीचं." आणि त्या काचेपुढे हसायची सर्वांना मोकळीक.

साहेब, या पत्रांवरचं तुमचं पुस्तक महिनाअखेरीस छापायला जाणार असं कळतं. त्यातून हेर हा शब्द काढायचा. नाही काढला तर झगा सुनेला, आणि डबा मी स्वतः येऊन उचलणार. पावतीवर "मागताच परत" असं लिहिलंय. मुलाकडून तीनदा वाचून घेतलंय.

मृत्युपत्र मेल्यावर उघडायचं असतं म्हणतात. मला तेवढा धीर नाही. एक प्रत आजच साहेबांच्या टेबलावर.

हे सगळं राजीखुशीने लिहिलं, दोघांसमोर वाचून दाखवलं, आणि दोघांनीही मधे मधे बोलून वेळ खाल्ला.

साक्षीदार: समोरचा घड्याळवाला (सही)
साक्षीदार: शेजारची नर्सबाई, झगा मोजून बघितला, चौदाच (सही)
लिहून ठेवणारी: शिंपीणबाई (सही)
ठिकाण: दुकान, कापायचं टेबल
तारीख: तीन, मंगळवार

साहेब, वीस तारखेला दुकान बंद व्हायच्या आत उत्तर पाहिजे, लेखी, सही-शिक्क्यासह. स्वतः घेऊन या, आणि येताना मापं घेतली त्या दिवशीचा पांढरा शर्ट घाला. बाही पाऊण इंच आखूड आहे, तेव्हाच दिसलं होतं. उत्तर बरोबर असेल तर आतली दुमड सोडवून लांब करून देते.