दसऱ्याच्या पाटावर पिस्तूल

शुगर लँड,
३ ऑक्टोबर २००६

ती. ताई, इथल्या न सरणाऱ्या उकाड्यातून तुला नमस्कार.

आधीच सांगतो, आम्ही दोघं सुखरूप आहोत. शेजारी घरफोडी झाली, म्हणून मी एक छोटं, स्वस्तातलं पिस्तूल घेतलंय. चाप जड आहे आणि मूठ इतकी आखूड, की करंगळीला जागाच नाही. कुलपात असतं, काळजी करू नकोस. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

काल दसऱ्याला लॅपटॉप आणि पान्यांशेजारी तेही पाटावर ठेवलं. वैदेही एकेकाला कुंकू लावत आली आणि तिथं थांबली.

म्हणाली, "‘वर्षभर कामाला ये’ म्हणून आपण कुंकू लावतो. याला कसं म्हणू?"

मी ते उचलून पुन्हा कुलपात ठेवलं. ताई, तू लावलं असतंस का गं?

तुझा,
अनय