हिरव्याखालची नीळ

आप्पा, साताऱ्याच्या संग्रहालयाचं काम माझ्याकडं आलंय. तुम्ही दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं जिथं ओल लागलेली चित्रं दुरुस्त करायला जायचात, तेच संग्रहालय. त्यांना वेबसाइट नवी हवी आहे, शिवाय लोगो, तिकिटं, दारावरची पाटी, सगळ्याला एकच रूप द्यायचंय. पुण्याच्या मोठ्या कंपन्या मागं लागलेल्या असताना सांगलीत दोन खोल्यांत बसून काम करणाऱ्या बाईला त्यांनी का बोलावलं असेल, असं मनात आलं होतं. पण आनंद झाला की माणूस असले प्रश्न बाजूला सारतो. आईनं गल्लीत पेढे वाटले. तुमच्या फोटोपुढचा पेढा मीच खाल्ला.

त्यांचं नावाजलेलं चित्र एकच, तुम्हाला काय सांगायचं. हिरव्या लुगड्यातली बाई, कमरेवर घागर, मान जरा वळवलेली. मी सगळं काम त्या बाईवरच उभं केलं. लोगो तिच्या मानेच्या रेषेवरून घेतला, रंग तिच्या लुगड्याचा. आता तिकीट हिरवं, पिशवी हिरवी, पाटी हिरवी. वेबसाइटवर हे चित्र बोटानं ओढून अगदी जवळ आणता येईल अशी सोय ठेवायची ठरलं, आणि त्यासाठी एका फोटोग्राफरनं भलामोठा फोटो काढून दिला. सोमवारी दुपारी हिरवा नीट जुळतोय का बघायला मी तो फोटो वाढवत गेले. खांद्यापाशी रंग पातळ आहे. त्याच्याखाली एक निळी रेघ दिसली, सरळ, पण कडेनं दोऱ्याच्या तुसासारखी विसकटलेली. तिला आडवी छेदणारी दुसरी. पुढं तिसरी. चौकोन होते ते, चित्र हुबेहूब उतरवून घ्यायला आखतात तसे.

कपड्याची नीळ होती ती, आप्पा. बाकीचे पेंटर बोर्ड आखायला दोरा खडूत घोळवायचे, तुम्ही नीळ वापरायचात, कारण पांढऱ्यावर खडू दिसत नाही. तो दिवस डोळ्यांपुढं आला. मी अकरावीत आहे. स्वयंपाकघरातलं सगळं सामान आईनं सोप्यात काढून ठेवलंय, कारण चांगला उजेड स्वयंपाकघरातच येतो. भिंतीला कॅनव्हास टेकवलाय, दोऱ्याचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या. तुम्ही मधे चिमटीनं दोरा उचलून सोडताय, टण्ण, आणि निळी रेघ उमटतेय. "ताणून धर गं, ढिला सोडलास तर बाई वाकडी हुईल." शेजारी संग्रहालयाच्या एका तरुण विश्वस्तानं आणलेलं, चादरीतनं काढलेलं मूळ चित्र उभं आहे. हे कशाला करायचं, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, देवाची मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहती आन पालखीत उत्सवमूर्ती फिरती का न्हाई, तसंच हाय हे. मूळ आत जपून ठिवायचं, ही भिंतीवर. मला ते पटलं. तुम्हालाही मनापासून पटलं होतं, असं मी आजवर धरून चालले होते.

परवा, मंगळवारी, मापं घ्यायच्या निमित्तानं मी साताऱ्याला गेले आणि आतली कोठी उघडून घेतली. दुसरी बाई तिथं नाही. नोंदवहीत चित्र एकच, तेच भिंतीवर लटकतंय. गाभारा रिकामा आहे, आप्पा.

मग मला तुमचा सत्कार आठवला. चित्र ओलीतून वाचवल्याबद्दल शाल आणि नारळ. लोक टाळ्या वाजवतायत आणि तुम्ही फरशीकडं बघताय. घरी आल्यावर शेजारच्या काकूंना मी कौतुकानं सांगायला गेले की ती बाई आमच्या आप्पांनी काढलीय, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर हात उगारलात. "परत ह्ये बोललीस तर घरात पाय ठिऊ नको." त्यानंतर तुमचा गुरुवार बंद झाला. शाल ट्रंकेत गेली ती गेलीच. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. आधी कळलं होतं की नंतर, एवढंच मला विचारायचंय, आणि ते सांगायला तुम्ही नाही. मला तुमचा फार राग आलाय.

मूळ चित्र चादरीत गुंडाळून आपल्याकडं घेऊन आलेला तो तरुण विश्वस्त आता अध्यक्ष आहे. मंगळवारी कोठी बघून झाल्यावर त्यांनी मला चहाला बसवलं, शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितलं. वेबसाइटचं कौतुक केलं. तुमच्यावर मी लिहिलेलं पान त्यांना विशेष आवडलं, तुमचा फोटो मोठा करा म्हणाले. मग म्हणाले, चित्र लांबूनच बघायचं असतं, एवढं जवळून दाखवायची काही गरज नाही, तो मोठा फोटो वेबसाइटवरनं काढून टाक. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली. "दोऱ्याचं दुसरं टोक तुझ्याच हातात होतं, माझ्या लक्षात आहे. म्हणून तर म्हटलं, काम घरातल्या माणसाकडं असावं." आवाज इतका मायेचा होता की मी बिस्कीट उचललं. कुणी विचारलंच तर चित्र बदललं पेंटरनं, असंच ते सांगणार. मेलेल्या माणसाला आपली बाजू सांगता येत नाही.

मुंबईच्या एका अभ्यासक बाईंचे तीन मेल आलेत. मूळ बाई ज्यानं रंगवली त्या चित्रकारावर त्या पुस्तक लिहितायत, मोठा फोटो कधी बघायला मिळेल म्हणतात. त्यांना पाठवला तर तुम्ही चोर ठराल, आणि आईला या गल्लीतनं मान वर करून चालता येणार नाही. नाही पाठवला तर ती खोटी बाई कायमची खरी होईल, माझ्या हातानं. शुक्रवारी वेबसाइट उघडणार आहे, अध्यक्ष बटण दाबणार आहेत. आईला पुढच्या रांगेत बसायचं बोलावणं आलंय, ती इस्त्रीची साडी काढून बसलीय.

आज गुरुवार. हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून फाइलला नावसुद्धा दिलं नाही. साताऱ्याहून येताना मी गाडीत स्वतःला बजावत होते की माझा नाइलाज आहे, त्यांनी मला कोंडीत धरलंय. ते खरं नाही, आप्पा. त्यांनी तो फोटो काढून टाकायला मंगळवारी सांगितलं. मी तो सोमवारीच काढून टाकला होता.