धुतलेली अंडी आधी संपव

सुनिवा,

कोंबड्या सोडल्यात, दाणेही टाकलेत. ओट्यावरच्या भांड्यातली अंडी मी धुतली आहेत, तेव्हा ती फ्रिजमध्ये ठेव आणि आधी संपव. धुतलेलं अंडं बाहेर टिकत नाही. टोपलीतली कोरड्या फडक्याने पुसलेली आहेत, त्यांना पाणी लावू नकोस.

मला हे कळत नाही असं नाही. परवाच तुझी आई हॉस्पिटलात पडल्या पडल्या विचारत होती, “आयविंद, अंडी धुवत नाहीस ना रे?”

“नाही गं बाई,” मी म्हटलं.

“तुझा काय भरवसा!” म्हणाली आणि हसली.

पण आज तिथून घरी आलो तेव्हा हाताला काहीतरी काम हवं होतं. म्हणून एकेक अंडं नळाखाली धरून धूत बसलो.

बाळा, आई पहाटे गेली. मी जवळ होतो. शेवटी तिला त्रास झाला नाही.

मी तिचा निळा झगा घेऊन परत हॉस्पिटलात जातोय. शेजारची मार्गिट तुला गाडीतून आणेल, तिला सांगून ठेवलंय.

काल तू बोटीने दमून आलीस, तेव्हा मीच फोनवर म्हटलं, आता झोप, सकाळी भेट आईला. तिला भेटायला जायचे कपडे तू खुर्चीवर काढून ठेवलेले दिसले. मघाशी तुझ्या दारात बराच वेळ उभा होतो, पण उठवलं नाही. जाग येईपर्यंत तरी तुला आई असू दे, असं वाटलं.

बाबा