नक्कल पकडण्याची माझी पद्धत

२ डिसेंबर १९३८, उत्तन
आजपासून रोजनिशी. हेडमास्तर मार्चात रिटायर होतायत. चौदा तारखेला डेप्युटीसाहेब तपासणीला येणार, आणि त्यांच्या रिपोर्टावर हेडमास्तरकी ठरणार. मी किंवा रामनाथ मास्तर. रामनाथ इथलेच, कोळीवाड्यातले. माणूस बरा, पण डोक्यात योजना नाही. माझ्या आहे. शाळेतली नक्कल मुळासकट उपटणे! वहीच्या शेवटच्या पानावर सही करून पाहिली : गं. वि. पोंक्षे, हेडमास्तर. शोभते.

५ डिसेंबर
चौथीचे ‘आमचे गाव’ निबंध तपासले. तेवीसपैकी बावीस शब्दशः एक. सगळ्यांच्या गावातून कृष्णा वाहते, काठावर दगडी घाट, पलीकडे उसाचे मळे. उत्तनात कृष्णा! दुसऱ्या कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं. मूळ चोर उद्या हुडकणार.

६ डिसेंबर
सेलेस्टिनला दरडावलं. रडत म्हणाला, की मास्तर, दिवालीआधी तुमीच फळ्यावर लिवून दिला हाय, पाठ करा बोललात. आठवलं. निबंध माझाच. म्हणजे वाईला आमच्या मास्तरांनी मला पाठ करायला दिलेला. पण मास्तरांचं घेतलं तर ती नक्कल नव्हे, परंपरा. बावीस जणांना दहापैकी नऊ.
राहिली एव्हलिन. तिचा निबंध एकटाच वेगळा, म्हणून संशयास्पद. बांबूंवर वाळणारे बोंबील, वारा फिरला की आई ते कशी पालटते, बापाची होडी लांबून शिडावरून कशी ओळखायची. नऊ वर्षांच्या पोरीला इतकं बारीक सुचतं? पुस्तकातून उचललंय.

७ डिसेंबर
शाळेचं कपाट पालथं घातलं. ते पुस्तक नाही. फार दुर्मीळ असावं.
एव्हलिनला बाकावर उभं केलं. पुस्तक कोणतं ते सांग म्हटलं. म्हणाली, पुस्तक न्हाय मास्तर, दारासमोर हाय. उद्धट! शून्य दिलं.

१० डिसेंबर
साहेबांना द्यायला लेख हवा : ‘नक्कल : ओळख व प्रतिबंध’. एका जुन्या मासिकात याच विषयावर उत्तम लेख सापडला. केवळ आधार घेतोय. ‘अत्यंत’च्या जागी ‘फार’ आणि ‘परंतु’च्या जागी ‘पण’ घातलं, तशी भाषा माझी झाली. विचार तर आधीपासून माझेच होते, त्या गृहस्थाने फक्त आधी छापले. अकरा पानं. हात दुखतोय, पण स्वतंत्र लेखनाला कष्ट पडायचेच.

१३ डिसेंबर
कोट इस्त्री केला. लेख रेशमी दोऱ्याने शिवला. वाचून बघायला वेळ झाला नाही. गरजही नाही.

१४ डिसेंबर
निकाल आधीच लिहितो. हेडमास्तरकी रामनाथ मास्तरांना, साहेब जाताना सांगूनच गेले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
साहेब भाईंदरहून बैलगाडीने आले, अंग आंबलेलं. सेलेस्टिनने निबंध खणखणीत म्हटला. कृष्णा आली तसे साहेब उठून खिडकीशी गेले. बराच वेळ समुद्र बघत राहिले. मग माझा लेख चाळला. माझं वय विचारलं. एकोणतीस, म्हटलं. तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, की इथे ‘माझ्या सत्तावीस वर्षांच्या अध्यापनात’ लिहिलंय, तर तुम्ही दुडूदुडू चालतच वर्गावर गेला असाल. रामनाथ खोकले. हसू लपवायचा खोकला मला ओळखता येतो.
मी खुलासा करणार होतो. पण साहेबांनी पाट्या काढायला लावल्या. आपल्या गावावर दहा ओळी, पाठ केलेलं काही नको. मग मला म्हणाले, पोंक्षे, सात वर्षं इथे राहताय, तुम्हीही लिहा. बसायला जागा पुढच्या बाकावर, एव्हलिनच्या शेजारी.
तारीख लिहिली. ‘आमचे गाव’ लिहिलं, खाली रेघ मारली. पुढे डोक्यात कृष्णाच आली, ती जाईना. समुद्र भरतीला कधी येतो, बोंबील कोणत्या महिन्यात वाळतात, काही म्हणजे काही आठवेना. अर्धा तास गेला. बाकीच्यांच्या पेन्सिली करकरत होत्या.
शेजारी सहज नजर गेली. फक्त सहज.
एव्हलिनने पाटीवर हात आडवा धरला.