कागदावर मालक मी, चावी तुझ्या खिशात

प्रिय दादा,

वरवट बकालच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली, आपल्या पिवळ्या अँबॅसिडरमध्ये अडकून बसलोय. गाडी बंद पडली. एक मोटारसायकलवाला मेकॅनिक आणतो म्हणून वरवटला गेलाय. तो येईपर्यंत मला काहीच करता येत नाही. वहिनींनी सवयीनं कुबड्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि माझा हात तिथवर पोचत नाही.

समोरच्या कप्प्यात तुझी जुनी वही आणि पेन सापडलं. तू जाऊन आठ महिने झाले. आज आयुष्यात दुसऱ्यांदा मी एकटा गाडी घेऊन निघालो. हे तुलाच सांगायचं होतं, आणि तुलाच सांगता येत नाही.

पहिली गाडी आठवते? ती पद्मिनी. पोलिओनं माझे पाय गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. चौथीपर्यंत तू मला पाठीवर घेऊन शाळेत नेलंस. मोठा झाल्यावर पाठ पुरेना, म्हणून शेगावच्या एका रिटायर मास्तरांकडून तू ती गाडी आणलीस. गियर स्टिअरिंगजवळ होता, म्हणून तीच निवडलीस. लोहाराकडून दोन दांड्या करून घेतल्यास, एक क्लचला, एक ब्रेकला. ॲक्सिलेटरसाठी सायकलच्या ब्रेकची मूठ आणि तार लावलीस. कापूस निघालेल्या वावरात मी पहिला फेरा मारला, तेव्हा तू वाळलेल्या पऱ्हाट्या तुडवत मागे धावत होतास. "दाब बे, दाब! भेतं काऊन?"

मी दाबलं. भीती कधी गेली ते कळलंच नाही.

आणि पुढच्याच महिन्यात, कुणाला न सांगता, मी एकटा निघालो. ती सायकलची तार अडकली, गाडी नाल्यात गेली. दुपार होईपर्यंत मी आडव्या गाडीत पडून होतो. दार वरच्या बाजूला होतं आणि पायांत जोर नव्हता. लोक शेतात होते, पण मी हाक मारली नाही. लाज वाटली. तू आलास, मला ओढून काढलंस. त्या दिवसापासून चावी तुझ्या खिशात गेली.

मग जीप आली. दारं नसलेली. तू मला पट्ट्यानं सीटला बांधायचास. तरीही खड्डा आला की मी घसरायचो, म्हणून दोन वर्षांत ती विकलीस. मग ही अँबॅसिडर. तुरीच्या फुलासारखा रंग दिलास. हिलाही तशाच दांड्या लावल्यास, ड्रायव्हरची सीट बाहेर वळेल अशी बसवून घेतलीस. तिन्ही गाड्या माझ्या नावावर केल्यास. गावात लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. खरंच होतं ते. पण दादा, तुझ्याशिवाय मी त्या गाड्यांतून कुठं गेलो? बँकेत तू, बाजारात तू. मला बघायला मुलीकडचे येणार होते, तेव्हा त्यांच्याशी बोललास तूच.

शेगावला एकदा मी तुला म्हणालो ते आठवतं का? "तू मले गाडी नाही देली, चाकाचा पिंजरा देला." तू खाली उतरलास. दहा मिनिटांनी चहाचा कप घेऊन आलास, माझ्या हातात दिलास आणि शेजारी बसलास. मी माफी मागितली नाही. त्यानंतर तू गाडीत बसलास की झोपू लागलास. मला वाटायचं, वय झालं.

आज सकाळी वहिनींकडे चावी मागितली. तुझ्या विकासनं पुण्याहून गाडी विकायचे कागद पाठवलेत, माझी सही हवी आहे. फोनवर म्हणाला, "काका, कुठं जायचं असलं तर मी गाडी बुक करून देईन ना." प्रेमानं म्हणतो रे. पण मग त्यानं बुक केली तरच मी बाहेर. ओसरी, अंगण, ओसरी. आठ महिने तेच चाललंय.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी मले सांगून ठेवलं होतं. त्याले एकटं सोडू नको."

"कुठवर, वहिनी? मी बावन्न वर्षांचा झालो."

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू? ते गाडीत झोपत नव्हते. डोये मिटून बसत. म्हनत, मी जागा असलो का त्याले आपनच चालवतो असं वाटत नाही. झोपलो का तो एकट्यानं चालवते."

आणि त्यांनी चावी दिली.

दादा, हे मला तू का सांगितलं नाहीस? मी तुझ्यावर किती वर्षं चिडून होतो!

थांब, मोटारसायकल आली.

पुढचं शेगावहून लिहितोय. स्टेशनच्या रस्त्याला गाडी लावली आहे.

मेकॅनिकनं पेट्रोलची नळी काढली, तोंडानं फुंकली, आठ महिन्यांचा गाळ बाहेर काढला. गाडी सुरू झाली. त्यानं दांड्या बघितल्या, माझे पाय बघितले.

"संग कोनी नाही काय?"

"नाही."

"घरी नेऊन सोडू का मंग?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. इतक्या वर्षांची सवय! नाला डोळ्यांपुढे होता.

"नाही. शेगावले चाललो."

"मंग जा ना. काऊन बसले?"

मी त्याच्याकडून मागच्या सीटवरच्या कुबड्या पुढे मागून घेतल्या आणि निघालो. खूप हळू. ट्रकवाले हॉर्न वाजवत गेले. शेगाव दिसलं तेव्हा आनंद वगैरे काही झाला नाही, घाम फुटला होता. उतरायची हिंमत अजून झालेली नाही. पण टपरीवाल्याला हाक मारली, म्हटलं, "भाऊ, मले उतरता येत नाही, चहा इथंच आणून देता का?" दादा, अनोळखी माणसाला मी हे पहिल्यांदा सांगितलं. तो चहा घेऊन आला. बस, एवढंच झालं.

विकासच्या कागदावर सही करणार नाही. त्याला मीच समजावीन.

आणि तुला शब्द देतो. मी एकटा जात जाईन. पोचलो की वहिनींना फोन करीन. गाडी बंद पडली तर घाबरणार नाही, आणि अडकलो तर हाक मारायला लाजणार नाही. तू आता खरंच झोप.

तुझा लहान भाऊ,
सुधाकर