जे तुला बघता आलं असतं

प्रिय ठकू,

जाड पाकीट बघून घाबरू नकोस. हे पत्र माझंच कशावरून, अशी शंका तुला येणारच, कामच तुझं तसलं. तर अक्षर बघ. या कावळ्याच्या पायांची नक्कल करायला कुणी बसणार नाही. फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला घेतलं. मागच्या खेपेला तू निघताना चपला घालता घालता विचारलंस, "आई, मी चुकले का गं?" मी भाजी करपेल म्हणून आत गेले. भाजी करपत नव्हती. तू आलीस आणि मावशी पिशवी उचलून चालती झाली, हे तुला किती लागलं होतं ते मला दिसत होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे. पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको.

आधी आमच्या ऑफिसची खबर ऐक. तू येऊन कम्प्युटरच्या सुरक्षेवर बोलून गेलीस, त्याचा उल्लेख अजून निघतो. आर्किटेक्टचं ऑफिस म्हणजे दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या सांभाळणं, असं तू सुरुवातीलाच म्हणालीस तेव्हा मोठे साहेब खुर्चीत सरळ झाले होते. त्याआधी ते डुलकीच्या बेतात होते. आमच्याकडे रजेवर जाताना शेजारच्या टेबलाला आपला पासवर्ड सांगून जायची रीत होती. गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली देतात तशी. न सांगता गेलं तर तो माणूस शिष्ट ठरायचा. तू ते बंद करा म्हणालीस आणि सगळ्यांचे चेहरे पडले. ड्रॉइंगवाल्या बाई तर म्हणाल्याच, आमचा एकमेकांवर विश्वास आहे हो, तुमच्याकडे नसेल. मला वाटलं, आता ही पोर सुनावणार. तू पाण्याचा घोट घेतलास आणि म्हणालीस, विश्वास असू द्या की. पण उद्या एखादी फाइल गायब झाली, तर ती कुणी उघडली होती हे कळायला मार्ग राहणार नाही. मग तुम्ही एकमेकांकडे बघायला लागाल. तो विश्वास टिकावा म्हणूनच सांगतेय.

मी मागच्या रांगेत पेन शोधत होते. पेन हातातच होतं.

आता साहेब पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन बंद करून उठतात, आणि परत आल्यावर पासवर्ड आठवत नाही म्हणून आपल्यावरच चिडतात. पण कुणाला सांगत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वायफाय वेगळं केलंय. आमची ड्रॉइंग ज्यावरून जातात त्याला बाहेरचं कुणी जोडलं जात नाही. राउटरवर कंपनीने चिकटवलेला पासवर्ड होता, तो इतकी वर्षं तसाच होता हे कळल्यावर साहेबांनी कपाळावर हात मारला. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात जाते. ती जोडूनच ठेवली तर चोर आला की अस्सल आणि नक्कल दोन्ही नेईल, हे तुझं वाक्य ड्रॉइंगवाल्या बाई आता स्वतःचं म्हणून सांगतात. सांगू दे.

आणि एक गंमत. परवा साहेबांच्या नावाने मला मेल आला. मुलींच्या वसतिगृहाचे सगळे नकाशे, दारं-खिडक्यांच्या तपशिलासकट, कृपया ताबडतोब खालच्या पत्त्यावर पाठवावेत. नाव बरोबर, पद बरोबर, खाली सहीसुद्धा. पण साहेबांनी उभ्या जन्मात कुणाला 'कृपया' म्हटलेलं नाही. मी त्या मेलला उत्तर दिलं नाही, त्यातली लिंक उघडली नाही. उठले आणि केबिनमध्ये जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, मी कशाला मेल करू, मला हाक मारता येत नाही का? खरंच आहे, त्यांची हाक रस्त्यापर्यंत जाते. नंतर त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या उद्धटपणामुळे आज वसतिगृह वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या लेकीला कळवा. तर कळवलं.

आता मावशीचं. काका तुमच्या हॉस्पिटलमध्ये होते तो दिवस मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे. तपासणीचा रिपोर्ट तयार झाला होता, डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते, आणि मावशीला नवऱ्याच्या काळजीत मधला वेळ काढवत नव्हता. पोटातलं दुखणं, वय झालेलं. तिने मनात सगळं शेवटापर्यंत नेऊन ठेवलं होतं. तू वर आलीस तेव्हा तिने तुझा हात धरला. हॉस्पिटलची सगळी कम्प्युटर यंत्रणा तुझ्या हाताखाली, एक बटण दाबून रिपोर्ट बघ, घरच्या माणसासाठी एवढं कर, म्हणाली. ती भीक मागावी तशी मागत होती. मीसुद्धा तुझ्याकडे बघत होते, तू हो म्हणशील म्हणून. तू तिच्याशेजारी बसलीस आणि म्हणालीस, "मावशी, मला ते उघडता येतं. म्हणूनच मला उघडायचं नाही."

तिने हात सोडला. म्हणाली, आम्ही परके झालो, साहेबीणबाई. त्यानंतर ती तुझ्याशी बोलली नाही. पण तू उठून गेली नाहीस. अंधार पडेपर्यंत त्या बाकावर बसून राहिलीस, तिच्या पाठ फिरवलेल्या खांद्याशेजारी. तिने चहा नाकारला तरी दर थोड्या वेळाने आणलास. तळघरातल्या यंत्रांच्या त्या थंडगार खोलीतून तू तशीच वर आली होतीस, अंगात स्वेटर, आणि बाहेर माणसं घामाने निथळत होती. मला त्या वेळी तुझा राग आला होता आणि तू जाऊही नयेस असं वाटत होतं. दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी कळलं ते तुला माहीत आहे. अल्सर होता, औषधांनी बरा झाला. मावशी म्हणाली, बघा, एवढंच तर सांगायचं होतं, रात्रभर माझा जीव टांगणीला लावला. तिच्या बाजूने तेही खोटं नाही. पण तुला माहीत नाही असं एक आहे. काकांनी ते मला परवा सांगितलं, गच्चीवर वाळलेले कपडे काढताना. त्यांनी डॉक्टरांना आधीच बजावून ठेवलं होतं की जे काही असेल ते पहिल्यांदा मला एकट्याला सांगा. वाईट निघालं असतं तर बायकोला कसं सांगायचं हे ते दोन रात्री जुळवत होते. कुठून सुरुवात करायची, काय आधी, काय मागून. म्हणाले, माझ्या दुखण्याची बातमी माझ्या तोंडून जायला हवी होती. ती दुसऱ्याच कुणी फोडली असती तर माझ्याकडे राहिलं काय? मग चिमटे डब्यात टाकत म्हणाले, पोरगी कुणावर गेली? मी म्हटलं, तिच्या बाबांवर नक्की नाही, त्यांच्या पोटात तर साधी गोष्ट राहायची नाही. काका पुष्कळ हसले. तुला हे काहीच माहीत नव्हतं. काकांची इच्छा ठाऊक नसताना तू ती पाळलीस.

तू लहान होतीस तेव्हा मला वाटायचं, मुलगी हुशार आहे, नाव काढेल. हुशारीचं कौतुक करणं सोपं असतं. कुलपं उघडणारे पुष्कळ आहेत, पगार घेऊन आणि न घेताही. तुमच्याकडे नोंदणीच्या खिडकीवर बसतात त्या बाई मला सांगत होत्या की कुठल्याही पेशंटची माहिती कुणी उघडली, तर उघडणाऱ्याचं नाव मागे राहतं, अशी व्यवस्था तू केलीस. डॉक्टर मंडळी कुरकुरली. आमच्यावर पहारा का, म्हणाली. तेव्हा तू त्यांना दाखवलंस की त्या पहाऱ्यात पहिलं नाव तू स्वतःचं घातलं आहेस, आणि तुझं नाव तपासायचं काम तुझ्या हातात ठेवलेलं नाहीस. त्या बाई म्हणाल्या, त्यानंतर कुणाला बोलायला जागाच उरली नाही. तू कोणाची कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. नुसती ऐकत उभी राहिले, रांगेतला माणूस मागून ढकलत होता तरी.

मी त्या रांगेत काय करत होते, हे तू आता विचारशील. सांगते. माझ्या गळ्यात एक गाठ आली आहे. तू घरी आलीस तेव्हाही होती, म्हणून मी ओढणी गुंडाळून होते आणि सर्दी झाली असं तुला सांगितलं. बरी डॉक्टर तुमच्याच हॉस्पिटलमध्ये आहे. सोबत मावशीला घेतलं. ती आधी हटून बसली. तिथे नको, तुझ्या लेकीला संध्याकाळच्या आत कळेल. मी म्हटलं, नाही कळणार. मी माझं खरं नाव दिलं, खरा पत्ता दिला. सुई घालून तपासणी झाली, फोटो काढले, रिपोर्ट आले, सगळं तुझ्या त्या तळघरातल्या यंत्रांतून गेलं. तुझ्या जिन्यावरून आम्ही दोघी कितीदा तरी गेलो. आणि तू रविवारी फोन करत राहिलीस, बाथरूमचा नळ नीट झाला का विचारत राहिलीस. तुझा आवाज मला तुझ्या पहिल्या रडण्यापासून माहीत आहे. त्यात काही लपलेलं नव्हतं. परवा बसमध्ये मावशीने मला विचारलं, खरंच तिला माहीत नाही? मी नाही म्हटलं. मावशीने तिकीट घडी घालून पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे ती माझ्याशी दुष्टपणा नव्हती करत. ती आहेच तशी." तिला तुझा फोन नंबर हवा आहे. तिने तो रागाने पुसून टाकला होता. तुला विचारल्याशिवाय मी दिलेला नाही.

गाठ चांगली नाही, पण वेळेत सापडली आहे, असं डॉक्टर म्हणते, आणि ती उगाच धीर देणाऱ्यांतली वाटत नाही. येत्या आठवड्यात ऑपरेशन आहे. हे मला तुला स्वतः सांगायचं होतं, माझ्या शब्दांत, मला जमेल त्या वेळी. तू मला तेवढी जागा ठेवलीस. तुझ्या हाताखाली असून मी तुझ्यापासून सुखरूप होते, ठकू, आणि असं म्हणता येईल अशी मुलगी किती जणींना असते मला माहीत नाही. तू चुकली नाहीस. आता रजा टाक आणि ये. मला भीती वाटते आहे आणि मला तू जवळ हवी आहेस. काय निघालं, किती वाढलंय, पुढे काय, जे जे तुला जाणून घ्यायचं असेल ते मला विचार. मी सगळं सांगेन.

तुझीच, आणि सध्या तुझ्याच हॉस्पिटलची पेशंट,
आई